पॉलिशचे यंत्र घेताना निम्मे पैसे पॅड आणि फडक्यांसाठी ठेवा

सन्माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दसरा जवळ आला की इंदुरात घराच्या रंगरंगोटीबरोबर गाडीच्या रबिंग-पॉलिशचाही विषय निघतो. झेंडूचा हार ज्या गाडीला घालायचा ती चकचकीत दिसावी, असे प्रत्येकालाच वाटते. आमच्या वसाहतीतली तरुण मुले अलीकडे हे काम गॅरेजकडे न देता स्वतःच यंत्र आणून घरी करू लागली आहेत आणि मला त्याचे मनापासून कौतुक वाटते. मात्र ही खरेदी होताना मी जवळून पाहिली आहे. हाताशी असलेले बहुतेक सगळे पैसे यंत्रावर खर्च होतात आणि यंत्राच्या पुढे जे रंगाला प्रत्यक्ष टेकते, ते पॅड, ते कंपाउंड (रंग घासायची बारीक कणांची पेस्ट) आणि ते फडके, यांच्यासाठी काहीच उरत नाही. त्याबद्दल आपल्या वाचकांशी बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पीथमपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी ३१ वर्षे गेली. धातूच्या पृष्ठभागाला आरशासारखी चकाकी आणणे हा तिथल्या रोजच्या कामाचाच भाग होता, त्यामुळे घासण्याच्या कामात किती धीर लागतो याची मला चांगली कल्पना आहे. तरीही माझ्या भाच्याने गेल्या वर्षी शहरातल्या एका दुकानातून २,६०० रुपयांचा ‘कार पॉलिशिंग सेट’ आणला, तेव्हा मी तो उघडून नीट पाहिला नाही आणि त्याची मला आजही खंत वाटते. त्या खोक्यात चार इंची अँगल ग्राइंडर, त्यावर बसवायची सहा इंची रबरी प्लेट, एक लोकरीची टोपी, एक जाड स्पंज आणि कंपाउंडची एक डबी एवढेच होते. भाच्याची गाडी गडद निळ्या रंगाची आहे. त्याने बॉनेटच्या मधल्या उठावदार घडीवर यंत्र टेकवले आणि चार-पाच सेकंदांतच तिथे चिंचोक्याएवढा पांढुरका डाग उठला. ते कंपाउंड वाळले असावे असे वाटून त्याने त्याच जागी पुन्हा यंत्र फिरवले, तेव्हा डाग तळहाताएवढा झाला. फडक्याने पुसल्यावर तो गेला नाही, कारण तिथला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, निघून गेला होता. पेंटरने तेवढाच भाग रंगवून मेळ बसणार नाही असे सांगितले आणि पूर्ण बॉनेट रंगवून घेण्याचा खर्च त्या सेटच्या दुपटीहून जास्त आला.

यात मुलाच्या हाताचा दोष फार थोडा होता. चार इंची ग्राइंडर हे लोखंड कापण्याचे आणि वेल्डिंग घासण्याचे यंत्र आहे. ते मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, आणि त्यावर सहा इंची पॅड लावले तर पॅडच्या कडेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. हा हिशेब कोणालाही वहीवर करता येईल. गाडीच्या रंगासाठी बनवलेले रोटरी, म्हणजे नुसते स्वतःभोवती फिरणारे, पॉलिशर साधारण ६०० ते ३,००० फेऱ्यांच्या दरम्यान चालते आणि अनुभवी माणूससुद्धा ते बहुतेक वेळ १,००० ते १,८०० च्या आतच ठेवतो. याउलट कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून सहसा १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण केसाहूनही पातळ थरावर काम करत असतो. कडांवर आणि घड्यांवर तर यंत्राचा सगळा दाब एका रेषेवर येतो, म्हणून पहिला घात नेहमी तिथेच होतो.

नवशिक्याने डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन, पॉलिशर घ्यावे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यातले पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. हात चुकून जास्त दाबला गेला तर पॅडचे फिरणे थांबते आणि नुसती थरथर उरते. शिकणाऱ्याला यातच मोठे संरक्षण मिळते. पॅड फिरते आहे की थांबले आहे हे कळावे म्हणून बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीवर बसते तिच्या, कडेवर मार्करने एक काळी रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरताना दिसली की दाब योग्य आहे असे समजावे. या खुणेला काहीच खर्च येत नाही आणि पहिल्या महिन्यात मला तिचा सर्वाधिक उपयोग झाला. यंत्राच्या हेलकाव्याचे माप ८ मिलिमीटर, १५ मिलिमीटर असे दिलेले असते. सपाट आणि मोठ्या भागावर १५ चे यंत्र लवकर काम उरकते, परंतु आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅक गाड्यांना गोलाई फार असते आणि तिथे ते अडखळते, म्हणून पहिल्या यंत्रासाठी ८ मिलिमीटरचे मला अधिक सोयीचे वाटते.

आता पॅडविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक जण कात्री लावतात ती इथेच. यंत्राबरोबर एक किंवा दोन पॅड मिळतात आणि तेवढ्यावर पूर्ण गाडी होईल अशी समजूत असते. प्रत्यक्षात फोमचे पॅड दोन-तीन पत्र्यांनंतर कंपाउंडने आणि निघालेल्या रंगाने भरते, गरम होते आणि मऊ पडते. मग त्याची कापण्याची ताकद जाते आणि त्यातच अडकलेला मळ रंगावर नव्या रेघा ओढू लागतो. असे पॅड हाताला लागते तेव्हा वरून कोमट, पण मधोमध चटका बसेल इतके तापलेले असते. अशा वेळी काम थांबवून दुसरे पॅड लावावे लागते आणि दुसरे पॅडच नसेल तर माणूस तेच दाबून चालवत राहतो. उष्णतेने पॅडमागच्या वेल्क्रोचा गोंद सुटून चालू यंत्रावरून पॅड उडालेले मी पाहिले आहे, आणि तशी उघडी पडलेली प्लेट रंगावर टेकली तर पुढे काय होईल हे सांगायला नको. म्हणून एका गाडीसाठी मध्यम प्रकारची तीन, मऊ फिनिशिंगची दोन आणि कडक कटिंगचे एक अशी निदान सहा पॅड असावीत, आणि पैसे कमी पडले तर कटिंगचे पॅड मागे ठेवावे, मऊ पॅड कमी करू नयेत. पॅडच्या रंगावरून त्याचा कडकपणा ठरवू नये. एका कंपनीचे नारिंगी पॅड मध्यम असते तर दुसरीचे कडक, कारण रंगांचा असा सर्वमान्य नियम नाही. पाकिटावरचे वर्णन वाचावे किंवा बोटाने दाबून पाहावे.

पॅडचा व्यास प्लेटपेक्षा थोडा मोठा हवा, हेही खरेदी करताना पट्टी लावून पाहावे. पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरच्या, प्लेटला १४० ते १५० मिलिमीटरचे पॅड बरोबर बसते. पॅड आणि प्लेट सारख्याच मापाचे असले तर हात जरा तिरपा होताच प्लेटची टणक कड आरशाच्या कोपऱ्यावर किंवा बंपरच्या वळणावर आपटते. पुष्कळांना पाच इंची यंत्रावरच तीन इंची प्लेट लावून कोपरे करायचे असतात आणि दुकानदारही ‘बसते, लावा’ म्हणतो. आटे जुळले म्हणून ती बसते हे खरे, परंतु यंत्राच्या आतले संतुलनाचे वजन ठरावीक प्लेटवर बेतलेले असते, त्यामुळे छोट्या प्लेटने यंत्र फार थरथरते, हात बधिर होतात आणि बेअरिंग लवकर जाते. अरुंद कोपरे पहिल्या वर्षी हातानेच, छोट्या फोमच्या तुकड्याने करावेत.

पॅड साफ करण्यासाठी वेगळे साधन विकत घ्यायची गरज नाही. नायलॉनचा मऊ ब्रश पुरतो. प्रत्येक पट्टा झाल्यावर पॅड ब्रशने झाडावे आणि दिवसअखेर भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पिळ न देता दाबून, सावलीत वाळवावे.

फडक्यांबाबत आपल्या घरांतली जुनी सवय आड येते. जुन्या बनियनचा किंवा धोतराचा तुकडा हेच गाडी पुसायचे फडके, हे मीही माझ्या वडिलांकडून शिकलो. त्या काळच्या गाड्यांना बहुधा एकाच थराचा रंग असे, पॉलिश करताना तोच फडक्याला लागत असे आणि ओरखडे आजच्यासारखे उठून दिसत नसत. आजच्या क्लिअर कोटवर, विशेषतः काळ्या, निळ्या आणि मरून गाड्यांवर, सुती कापडाच्या शिवणीची रेघसुद्धा उन्हात दिसते. अडीच-तीन तास खपून काढलेले कोळिष्टकासारखे ओरखडे शेवटच्या पुसण्यात पुन्हा उमटतात आणि माणूस यंत्राला दोष देतो. ३०० ते ४०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचे), आखूड लवेचे, शक्यतो शिवणीची कड नसलेले मायक्रोफायबरचे दहा-बारा रुमाल घ्यावेत आणि त्यांवरची लेबले उसवून टाकावीत. रुमाल जमिनीवर पडला की तो त्या दिवसापुरता बाद समजावा. झटकून पुन्हा वापरू नये. धुताना ते सुती कपड्यांपासून वेगळे धुवावेत आणि कपडे मऊ करणारे द्रव अजिबात घालू नये, कारण त्याचा थर तंतूंवर बसला की रुमाल पुसण्याऐवजी नुसता सरकतो.

आमच्या शहरात या ओरखड्यांना आणखी एक कारण आहे. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्यांवर गुलालाचा जाड थर असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी तो कोरड्या फडक्याने पुसत असतो. उन्हाळ्यात माळव्याची बारीक धूळ तर रोजचीच. ओरखड्यांचा मोठा वाटा अशा कोरड्या पुसण्यातून येतो, म्हणून पॉलिशच्या आधी गाडी भरपूर पाण्याने आणि दोन बादल्यांनी, एकीत शाम्पू आणि दुसरीत हात धुवायचे साधे पाणी, अशी धुवावी. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, तेव्हा गाडी धुतल्यावर ती उन्हात आपोआप वाळू देऊ नये. पाण्याचे पांढरे डाग काढायला पुन्हा यंत्रच लागते.

धुतल्यावरही रंगावर डांबराचे आणि लोखंडी कणांचे काय चिकटले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. बोटांवर पातळ पॉलिथिनची पिशवी चढवून बॉनेटवरून हळूच हात फिरवावा. एरवी गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागतो. तसा लागला तर क्ले बार, म्हणजे असे चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, हवा. ५० ते १०० ग्रॅमचा तुकडा दोन-तीन गाड्यांना पुरतो. तो भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, न दाबता सरकवावा आणि खाली पडला तर फेकून द्यावा, कारण त्यात रुतलेला एक खडाही पूर्ण दारावर रेघ ओढील. ही पायरी वगळून थेट यंत्र लावले तर ते कण पॅडमध्ये जातात आणि चांगले पॅड वाया जाते.

मास्किंग टेप चांगल्या प्रतीचा घ्यावा, एवढेच म्हणतो. स्वस्त पिवळसर टेप एप्रिलच्या उन्हात तासाभरात आपला गोंद रबरावर सोडतो आणि तो काढायला रॉकेल शोधावे लागते. काळ्या प्लास्टिकवर आणि दारांच्या रबरावर टेप लावलाच पाहिजे, कारण वाळलेले कंपाउंड तिथे पांढरे राहते. आणि ज्या घडीवर भाच्याचा घात झाला तशा सगळ्या घड्यांवर व पत्र्यांच्या कडांवरही पहिल्या दिवशी टेपची एक पट्टी असावी.

आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली हा या यादीतला सर्वांत प्रामाणिक जिन्नस आहे. बऱ्याच कंपाउंडमध्ये तेले असतात, ती ओरखडे तात्पुरती भरून काढतात आणि काम झाल्यासारखे वाटते. दोन धुण्यांनंतर सगळे परत दिसू लागते. गॅरेजमधून चकचकीत आलेली गाडी पंधरा दिवसांत जुनी का दिसते, याचे कारण बहुधा हेच असते. एक भाग अल्कोहोल आणि सहा-सात भाग पाणी असे मिश्रण फवारून पुसले की तेल निघते आणि खरे काय झाले ते कळते. अल्कोहोल ज्वलनशील आहे, तेव्हा ते चालू यंत्राजवळ आणि स्वयंपाकघरात ठेवू नये, आणि नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर वापरू नये. पाहण्यासाठी महागडा दिवा नको. गडद गाडीवर संध्याकाळी मोबाइलचा दिवा तिरपा धरला तरी ओरखडे दिसतात.

रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र, सिरॅमिक कोटिंगची बाटली, आठ प्रकारची कंपाउंडे आणि लोकरीचे पॅड यांवर सुरुवातीला पैसे घालू नयेत. जाडीमापक उपयुक्त आहे, पण साधे मापक प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही आणि हलके पॉलिश करणाऱ्याला त्यावाचून निभावता येते. जी गाडी आधी डेंटिंग-पेंटिंगला जाऊन आलेली आहे, ती मात्र जाणकाराला दाखवूनच हातात घ्यावी.

माझ्या स्वतःच्या खरेदीचा हिशेब वाचकांना उपयोगी पडेल. डीए यंत्र प्लेटसह ५,५०० रुपयांना पडले. सहा पॅडना २,१००, मध्यम कंपाउंड आणि बारीक पॉलिश यांच्या छोट्या बाटल्यांना १,१००, दहा रुमालांना ९००, क्ले बारला ३५०, अल्कोहोलला ३००, दोन टेपना २००, फवारणीच्या बाटलीला ६० आणि ब्रशला ४० असे सामानाचे ५,०५० रुपये झाले. घरातल्यांनी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असे म्हटलेही. परंतु या कामात रंगाला लागतो तो मसालाच, आणि यंत्र फक्त तो फिरवते. ज्यांच्याकडे सुरुवातीला सगळे मिळून पाच हजारच असतील, त्यांनी यंत्र पुढच्या दिवाळीवर ढकलावे. आधी रुमाल, क्ले बार, बारीक पॉलिश आणि हाताने वापरायची दोन फोम पॅड घ्यावीत. हाताने एक दार करायला तासभर लागतो, पण त्या तासात दाब आणि पॉलिशचे प्रमाण हाताला कळते. चार-पाच वाटाण्याएवढे थेंब दीड-दोन फुटांच्या चौकोनाला पुरतात, हे मी असेच शिकलो.

शहरातल्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. अँगल ग्राइंडर लोखंड कापायला जरूर विका, परंतु त्यावर सहा इंची प्लेट चढवून तो गाडीच्या रंगासाठी विकू नका. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क असावाच लागतो. भाच्याच्या खोक्यावर यातले काहीच नव्हते, आणि प्लेट किती फेऱ्यांपर्यंत चालवायची हेही लिहिलेले नव्हते. ग्राहकांनी असे खोके परत करावे आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आम्ही ती नोंदवायला उशीर केला, तोवर पावतीही हरवली होती.

बॉनेट नवे रंगवून आल्यावर भाच्याने यंत्र विकून टाकायचे ठरवले होते. मी त्याला भंगारवाल्याकडून एका जुन्या गाडीचे काळे दार ४०० रुपयांना आणून दिले. ते गच्चीवर दोन स्टुलांवर आडवे टाकून तो तीन रविवार, ऊन चढण्याआधी सकाळी सात ते नऊ, माझ्या डीए यंत्राने सराव करत होता. पहिल्या रविवारी त्याने सगळीकडे कंपाउंड उडवले, दुसऱ्या रविवारी दाब जास्त होऊन प्लेटवरची काळी रेघ वारंवार थांबत होती, आणि तिसऱ्या रविवारी मी मोबाइलचा दिवा तिरपा धरला तेव्हा दाराच्या अर्ध्या भागात दिव्याचा गोळा स्वच्छ दिसला व उरलेल्या अर्ध्यात त्याच्याभोवती जाळे. पॉलिश केलेला आणि न केलेला भाग वेगळा ठेवणारा मधला टेप त्याने स्वतः ओढून काढला. ते दार आमच्या जिन्याखाली ठेवलेले आहे आणि वसाहतीतल्या ज्या मुलांना यंत्र घेण्याआधी हात बसवायचा असेल, ती ते घेऊन जातात.

आपला विश्वासू,

एक नियमित वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर